दोनशे फुटांच्या आतला मनोरा

मागच्या खरिपात, सोयाबीन फुलावर यायच्या आधी, सांवेरकडच्या आमच्या शेतात माझ्या भाच्याचा फवारणीचा ड्रोन पडला. दहा लिटरच्या टाकीचा, सहा पात्यांचा. बांधाकडेची फेरी संपवून तो वळला आणि विजेच्या खांबाच्या स्टेला, म्हणजे खांब ताणून धरणाऱ्या तिरप्या तारेला, अडकला. एक हात मुळापासून मोडला, टाकी चिरली आणि चक्री भुंग्यासाठी कालवलेलं औषध बांधावरच्या दगडांवरून खाली ओघळलं. जवळपास कुणी माणूस नव्हता, गुरं नव्हती, म्हणून निभावलं.

मी इंदूरहून पोचले तेव्हा सांडलेल्या औषधावर माती टाकून झाली होती आणि निकालही लागून गेला होता. "पोराचं लक्ष नव्हतं, दुसरं काय," भावजी म्हणाले. गड्याचं तेच म्हणणं, शेजारच्या शेतकऱ्याचंही तेच. खुद्द भाचा मान खाली घालून म्हणाला, "मावशी, चुकलंच माझं. मला दिसायला पाहिजे होतं."

पीथमपूरच्या एका कारखान्यात मी अठरा वर्षं सुरक्षेचं काम करते. अपघाताच्या चौकशीच्या कागदावर 'कारण' असा एक रकाना असतो आणि त्यात 'कामगाराचे दुर्लक्ष' असं लिहिलं की सगळ्यांच्या जिवात जीव येतो. यंत्र बदलायला नको, पैसे खर्चायला नकोत, वरच्या साहेबाला विचारायला नको. हे दोन शब्द मी नोकरीच्या सुरुवातीला स्वतः लिहिलेले आहेत, आणि तीच इजा तीन महिन्यांनी त्याच यंत्रावर दुसऱ्या माणसाला झालेली पाहिली आहे. तेव्हापासून 'दिसायला पाहिजे होतं' हे वाक्य ऐकलं की मी थांबते आणि विचारते, दिसण्याजोगं होतं का?

त्या रात्री ओट्यावर बसून मी भाच्याला कॅलिफोर्नियातल्या एका पीक-फवारणीच्या विमानाचा अपघात सांगितला. आमच्या प्रशिक्षणात मी तो दरवर्षी शिकवते. इथे तो सविस्तर मांडते आहे, कारण ड्रोन आता आपल्या तालुक्या-तालुक्यात आले आहेत आणि आपली पोरं-पोरी ते उडवताहेत.

वेब ट्रॅक्ट, १० जानेवारी २०११

उत्तर कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो आणि सॅन वाकीन या दोन नद्या एकत्र येतात तिथे पाण्याच्या फाट्यांनी कापलेला मोठा सखल प्रदेश आहे. त्यातलंच वेब ट्रॅक्ट हे एक बेट. जमीन समुद्रसपाटीच्याही खाली, भोवती मातीचे उंच बांध, आणि जायला-यायला फेरीबोट. मध्ये सगळी सपाट, काळी, भुसभुशीत शेतजमीन. फवारणीच्या वैमानिकाला याहून सोपं शेत मिळणार नाही असं वाटावं, इतकी मोकळी जागा. ओकली नावाचं गाव त्याच्या जवळ.

त्या दिवशी रॉकवेल कंपनीचं एस-२आर जातीचं विमान तिथल्या शेतावर काम करत होतं. हे खास शेतीसाठीच बांधलेलं विमान. नाकाशी मोठं इंजिन, त्यामागे औषधाची किंवा बियाण्याची टाकी, आणि टाकीच्या मागे उंचावर एकट्या वैमानिकाची बैठक. टाकी वैमानिकाच्या पुढे ठेवण्यामागे विचार आहे. विमान नाकावर आपटलं तर जड टाकी त्याच्या पाठीवर येऊ नये. अशा बऱ्याच विमानांच्या काचेपुढे आणि चाकांच्या दांड्यांवर तारा कापायची धारदार पाती बसवलेली असतात, आणि बैठकीच्या छतापासून शेपटीच्या उभ्या पंखापर्यंत एक पोलादी दोर ताणलेला असतो, म्हणजे अडकलेली तार वरून घसरून जावी. विमान बांधणाऱ्यांनी 'वैमानिकाला तार दिसेलच' असं गृहीत धरलेलं नाही, हे ती पाती सांगतात. मला त्या पात्यांबद्दल फार आदर वाटतो.

पण त्या दिवशी समोर तार नव्हती, मनोरा होता. पवनऊर्जेचा प्रकल्प करायच्या आधी त्या जागी वारा किती, कुठून, वर्षभर कसा वाहतो हे मोजण्यासाठी उभारतात तसा. जस्त चढवलेली पोलादी नळी, साधारण साठ मीटर उंच, चहूबाजूंनी तारांनी ताणून धरलेली. रंग नाही, दिवा नाही, तारा लांबून दिसाव्यात म्हणून लावतात ते ठळक गोळेही नाहीत. विमान मनोऱ्यावर आदळलं. आत एकटा वैमानिक होता, आणि तो जागीच गेला. हाच उद्योग करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं होतं, हजारो तासांचं उड्डाण गाठीशी होतं.

अमेरिकेत अशा अपघातांची चौकशी राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ करतं. मंडळाने जे कारण नोंदवलं त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. आधी येतं ते असं: वैमानिकाला अडथळा दिसला नाही आणि तो चुकवता आला नाही, म्हणून टक्कर झाली. भावजी म्हणाले तेच, फक्त सभ्य भाषेत. पण मंडळ तिथे थांबलं नाही. त्याने पुढे दोन गोष्टी जोडल्या. तो मनोरा डोळ्यांत भरेल असा नव्हता, आणि तिथे असा मनोरा उभा आहे ही माहिती उड्डाणाआधी वैमानिकाला मिळण्याची सोय नव्हती. या दोन ओळींसाठीच मी हे प्रकरण शिकवते. पहिली ओळ मेलेल्या माणसाबद्दल आहे, त्याला आता काही सुधारता येत नाही. पुढच्या दोन ओळी जिवंत माणसांना हातात काम देतात.

दिसायचं म्हणजे किती दिसायचं

भाच्याला मी पाटी-खडू घेऊन हिशेब करून दाखवला. तुम्हीही करून पाहा.

चांगल्या नजरेच्या माणसाचा डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक वेगळं ओळखतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे अक्षरांचा तक्ता वाचतो त्यात हेच माप वापरलेलं असतं. सोप्या शब्दांत, एक मिलिमीटर जाडीची वस्तू साधारण साडेतीन मीटरवरून. वारा मोजायच्या मनोऱ्याची नळी पंधरा ते वीस सेंटिमीटर जाड असते. म्हणजे ती या मापाला पाचशे ते सातशे मीटरवर येते. शेतावर काम करणारं विमान ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास उडतं असं धरलं, तर एका सेकंदाला पंचावन्न मीटर. म्हणजे नळी 'दिसू शकेल' इथपासून नळीवर आदळेपर्यंत नऊ ते बारा सेकंद.

बारा सेकंद पुष्कळ झाले, असं भाचा म्हणाला. मी म्हटलं, आता ताणतारा घे. पाच-सहा मिलिमीटरची तार त्याच मापाला वीस मीटरवर येते. वीस मीटर म्हणजे सेकंदाच्या चार दशांश. पापणी मिटून उघडायला जेवढा वेळ लागतो जवळजवळ तेवढाच.

हा हिशेब ढोबळ आहे. काळी, लांब रेघ स्वच्छ पांढऱ्या आकाशावर असेल तर डोळा याहून कितीतरी बारीकही पकडतो. म्हणूनच आपल्याला रस्त्यावरून जाताना दूरच्या विजेच्या तारा दिसतात. पण जस्ताचा राखाडी रंग हिवाळ्यातल्या राखाडी आकाशावर ठेवा, किंवा नांगरलेल्या काळ्या मातीवर अर्धवट सावलीत ठेवा, आणि मग पाहा. रंगाचा फरकच उरला नाही तर जाडी असूनही काही उपयोग नाही. एखादी वस्तू दिसते ती तिच्या मागे जे आहे त्याच्यापेक्षा ती वेगळी असल्यामुळे.

दुसरी गोष्ट मला स्वतःला पहिल्यांदा वाचली तेव्हा हादरवून गेली होती. जी स्थिर वस्तू तुमच्या अगदी वाटेत असते ती तुमच्या काचेवर जागा बदलत नाही. बाजूने जाणारी झाडं, घरं, बांध सरकत जातात आणि हालचाल डोळ्याला खेचते. वाटेतलीच वस्तू तेवढी एका जागी गप्प राहते, हळूहळू जाड होते, आणि अगदी जवळ आल्यावर एकदम फुगते. आपला डोळा हालचालीवर जगतो. टक्कर होणारी वस्तू नेमकी त्याच्या कमजोर बाजूने येते.

आणि त्या बारा सेकंदांत वैमानिक नुसता समोर बघत बसलेला नसतो. तो पिकावरून जेमतेम तीन-चार मीटरवर आहे. आधीची फेरी कुठे संपली, पुढची कुठून सुरू करायची, हे समोरच्या दिव्यांच्या पट्टीवर उपग्रहाच्या मदतीने दिसतं, त्यावर लक्ष आहे. नळ्यांचा दाब बघतो आहे, वारा कुठे वळला ते बघतो आहे, शेजारच्या शेतावर उडून जाऊ नये म्हणून. शेताच्या टोकाला विमान वर उचलायचं, एका अंगाला झुकवून वळवायचं, परत खाली आणायचं. दिवसातून शेकडो वेळा. साठ मीटरचा मनोरा हा नेमका याच चढ-उताराच्या पट्ट्यात उभा असतो. वरून जाणाऱ्या प्रवासी विमानाला तो कधी आडवा येणार नाही.

तीन फुटांची गोष्ट

आता या प्रकरणाचं खरं मूळ. अमेरिकेच्या हवाई वाहतुकीच्या नियमांत जमिनीपासून दोनशे फुटांपेक्षा उंच काही बांधायचं असेल तर सरकारला कळवावं लागतं, म्हणजे त्याची नोंद होते, नकाशावर येतं, रंग आणि दिव्यांचा विचार होतो. साठ मीटर म्हणजे किती फूट? एकशे सत्याण्णव. वारा मोजणाऱ्यांच्या धंद्यात साठ मीटरचा मनोरा हे अगदी रुळलेलं माप झालं. दोनशेला तीन फूट कमी.

कुणी कायदा मोडला नव्हता. हेच मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं. वैमानिक कायद्यात होता, मनोरा कायद्यात होता, आणि दोघंही कायद्यात राहून एकमेकांवर आदळले.

हे होतं कसं? दोनशे फुटांची रेषा ज्या विमानांना डोळ्यांपुढे ठेवून आखली ती इकडून तिकडे जाणारी विमानं. गावाबाहेरच्या भागातही त्यांना माणसं, घरं, वाहनं यांच्यापासून पाचशे फूट अंतर ठेवावं लागतं. मग दोनशेच्या आतल्या गोष्टींची कशाला चिंता? पण शेतीच्या विमानांसाठी वेगळे नियम आहेत आणि त्यांत त्यांना कामासाठी याहून खाली उतरायची मुभा आहे, ती द्यावीच लागते, नाहीतर औषध पिकावर पडणार कसं? तर कायद्याने वैमानिकाला खाली उतरू दिलं, पण अडथळ्यांची वही त्याच्यासोबत खाली उतरवली नाही. वर दोनशे फुटांपर्यंतचा तो पट्टा कुणाच्याच नकाशात नव्हता, आणि त्याच पट्ट्यात या लोकांचा रोजचा संसार.

यात आणखी दोन गोष्टी भर घालतात. असा मनोरा उभारायला काही तास पुरतात. पाया खणायला, भिंत बांधायला महिने लागतात तसं नाही. सकाळी ट्रकमधून नळ्या येतात, जमिनीवर जोडतात, तारांनी खेचून उभा करतात, संध्याकाळी माणसं निघून जातात. मागच्या मोसमात ज्या शेतावर तुम्ही डोळे मिटून उडालात तिथे या मोसमात तो उभा असतो. त्यात वारा मोजणारी कंपनी जागा सांगायला तयार नसते, कारण कुठे वारा चांगला आहे हीच तिची धंद्यातली पुंजी. ही गुप्तता मला कळते. पण ज्या शेतावर लोक काम करतात त्या शेतात ती ठेवणं मला मान्य नाही.

वेब ट्रॅक्टचा अपघात पहिला नव्हता. २००३ मध्ये ओरेगन राज्यात एक लहान विमान अशाच मनोऱ्यावर आदळलं होतं, २००५ मध्ये टेक्सासमध्ये फवारणीचं एक विमान. म्हणजे इशारा मिळालेला होता. २०११ च्या मार्चमध्ये सुरक्षा मंडळाने वैमानिकांसाठी सावधगिरीची सूचना काढली. जूनमध्ये हवाई प्रशासनाने मनोऱ्यांना नारिंगी-पांढरे पट्टे, तारांना ठळक रंगाची आवरणं आणि गोळे लावावेत असं मार्गदर्शन दिलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. २०१३ मध्ये मंडळाने पुन्हा लेखी शिफारस केली: नोंद सक्तीची करा, रंग सक्तीचा करा, जमेल तिथे दिवा लावा, आणि सगळ्या मनोऱ्यांची एक सूची ठेवा. शेवटी २०१६ मध्ये अमेरिकी संसदेने पन्नास ते दोनशे फुटांमधल्या अशा मनोऱ्यांच्या खुणेबद्दल कायद्यात कलम घातलं. मधल्या काळात वैमानिकाच्या कुटुंबाने केलेल्या दाव्यात ६७ लाख डॉलरची तडजोड झाली होती.

नारिंगी रंगाचे डबे आणि काही गोळे. पाच वर्षं.

शेतीच्या विमानांचे अपघात फक्त मनोऱ्यांमुळे होतात असं नाही. त्याच मंडळाने २०१३ या एका वर्षात शेतीच्या उड्डाणांचे ७८ अपघात मोजले आणि २०१४ मध्ये त्यावर खास अहवाल काढला. त्यात वैमानिकांचा थकवा आहे, विमानांची कमी पडलेली देखभाल आहे, जोखीम आधी तोलून बघायच्या पद्धतीचा अभाव आहे. भरल्या टाकीने उन्हाळ्याच्या विरळ हवेत फार तिरपं वळण घेतलं की पंख एकाएकी हवा सोडतात आणि एवढ्या खाली सावरायला जागाच नसते, तो तर जुनाच घात आहे. या धंद्याला शंभर वर्षं होऊन गेली. १९२१ च्या ३ ऑगस्टला ओहायोतल्या ट्रॉय गावाजवळ एका लष्करी वैमानिकाने कटाल्पाच्या झाडांवर अळीसाठी विषारी पूड टाकली, तिथून सुरुवात. आपल्याकडेही हिंदुस्तान एरोनॉटिक्सने सत्तरच्या दशकात 'बसंत' नावाचं फवारणीचं विमान बनवलं होतं. पण मला या लेखात एकच धागा धरायचा आहे, म्हणून बाकीचं सोडते.

सांवेरचा खांब

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं त्या खांबाशी गेलो. स्टेला हात लावायचा नसतो, पावसाळ्यात तर मुळीच नाही, म्हणून चार पावलं अंतरावर उभं राहून पाहिलं.

खांब बांधावर आहे. स्टे बांधावर नाही. खांबाच्या वरच्या टोकाकडून तिरपा उतरून तो शेताच्या आत रुतला आहे, आमच्या सोयाबीनच्या चौथ्या-पाचव्या ओळीत. करंगळीएवढी, पीळ घातलेली तार, जस्त जागोजागी उडून तांबूस झालेली. खालच्या कमरेइतक्या भागावर रानवेल चढली होती, तेवढी हिरवी दिसत होती. त्याच्यावर नजर नेली की तार ढगांत विरून जाई. भाचा खांबाकडे बघत म्हणाला, "खांबापासून तर मी तीन मीटर सोडले होते." आणि ते खरं होतं. हातातल्या यंत्रावर त्याने शेताच्या कडा चालत जाऊन नोंदवल्या होत्या, त्यात खांब नीट धरला होता. फेऱ्या त्यावरून यंत्रानेच आखल्या. पण नोंद बांधाची झाली, शेताच्या आतल्या गोष्टीची झाली नाही. आतल्या अडथळ्याची खूण करायची सोय त्या यंत्रात आहे. प्रशिक्षणात झाडाबद्दल सांगितलं होतं, विहिरीबद्दल सांगितलं होतं, स्टेबद्दल कुणी बोललं नव्हतं. ड्रोनच्या पुढे अडथळा ओळखणारं रडारही आहे, पण बारीक तार पकडणं अशा यंत्रांना जड जातं.

पिकावरून दोन-अडीच मीटरवर ड्रोन होता. स्टे त्या उंचीला खांबापासून बऱ्यापैकी लांब आलेला असतो. म्हणजे खांबापासून तीन मीटर सोडणं हे खांबासाठी बरोबर होतं आणि स्टेसाठी चूक. मनोऱ्याच्या ताणतारांसारखंच. उभी वस्तू डोळ्यांत राहते, तिला धरून ठेवणारी तिरपी वस्तू राहत नाही.

सरकारी नकाशाचं काय? २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर आपल्याकडे देशभराचा हवाई नकाशा आला. लाल, पिवळा, हिरवा पट्टा. आमचं शेत हिरव्यात येतं, म्हणजे चारशे फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. तो नकाशा उपयोगी आहे, पण तो सांगतो कुठे उडायचं. समोर काय उभं आहे हे तो सांगत नाही. वर आभाळाचा नकाशा आहे, खाली जमिनीचा सातबारा किंवा आपल्याकडचा खसरा आहे, आणि दोहोंमधल्या तीन-चार मीटरांचा, जिथे प्रत्यक्ष काम होतं, त्याचा कागद कुणाकडेच नाही. कॅलिफोर्नियात दोनशे फुटांचं जे झालं तेच इथे तीन मीटरांचं.

'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं आहे. त्या बायका आपल्या गावच्या खांबांखालून, स्टेंमधून, शेजारच्या बोअरवेलच्या वायरींमधून उडवणार आहेत. देवासकडे जामगोदरानीच्या टेकड्यांवर पवनचक्क्या फिरतात, रतलाम-मंदसौरकडेही. चक्की यायच्या आधी वारा मोजायचा मनोरा येतोच. आपल्या माळव्यात दोन्ही गोष्टी एकाच शेतात भेटायला काही फार काळ जाणार नाही.

घरी येऊन मी अपघाताचा कागद लिहिला, कारखान्यात लिहिते तसाच, भावजींच्या समोर. पहिली ओळ: चालकाला स्टे दिसला नाही. ती मी लपवली नाही. भाच्याने आधी शेत आतून फिरायला हवं होतं हेही लिहिलं. त्याखाली: स्टेला खूण नाही, वर पीव्हीसीची पिवळी नळी चढवलेली नाही. शेताच्या आत येणाऱ्या स्टेंची नोंद कुठेच नाही. प्रशिक्षणात हा विषय नाही. सकाळी आभाळ भरलेलं होतं तरी वेळ बदलली नाही, कारण पुढच्या शेतकऱ्याला शब्द दिला होता. भावजींनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "या खांबाचं मी वीज कंपनीला कधी सांगितलंच नाही. नांगर दोनदा अडकलाय याला." मी तीही ओळ लिहिली.

पुढच्या रविवारी बाप-लेक दोघं शेत आतून फिरले. मीही सोबत होते. आठ खांब, त्यांतल्या पाचांना स्टे, आणि पाचांतले तीन पिकात उतरलेले. एका ठिकाणी नुसताच स्टे होता, खांब कधीतरी काढलेला, तार झाडाला बांधून सोडलेली. तो भावजींनाही आठवत नव्हता. लाइनमनला बोलावलं. त्याने पुरवठा बंद करून खालच्या भागावर पिवळ्या नळ्या चढवल्या, ती मोकळी तार काढून टाकली. त्याला मी विचारलं, गावात असे किती असतील? तो म्हणाला, "मैडम, गिने किसने हैं?"

भाच्याने स्वतःची एक वही केली आहे. प्रत्येक शेताचं एक पान. बांध, खांब, स्टे, बोअरची वायर, शेडची तार. प्रत्येक पानावर तारीख घालायला मी सांगितलं, कारण तारीख नसलेला नकाशा फसवतो. ज्याचं शेत आहे त्याने सोबत फिरून सही करायची, नाहीतर ड्रोन उडणार नाही, असा नियम त्याने घातला. दोन शेतकरी चिडले, एकाने दुसऱ्या ड्रोनवाल्याला बोलावलं. त्याने ते सहन केलं.

रब्बीत एका पहाटे पावणेसहाला त्याचा फोन आला. हरभऱ्यावर फवारायचं होतं, शेत ओळखीचं, पान तीन आठवड्यांपूर्वीचं, सही झालेली. "मावशी, उडवायच्या आधी एक चक्कर मारली. शेजारच्याने काल बोअरला नवी लाइन ओढलीय. दोन बल्ल्या, मध्ये केबल, अगदी आपल्या कडेवरून. वहीत नाही."

मी विचारलं, मग?

"मग काय, थांबलोय. बल्ल्यांना लाल फडकी बांधतोय. बाबांना सांग, उशीर होईल."